हाताचे वळण : मोडीपासून माऊसपर्यंत

मराठीत 'वळण' हा मोठा अर्थवाही शब्द आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते आणि मुलाला वळण लावावे लागते. ज्याचे अक्षर वळणदार, त्याच्या घरचे वळणही चांगले, असे आमच्या मागची पिढी सहज बोलून जाई. तीच हालचाल पुनःपुन्हा करून हातात मुरली की आपण म्हणतो, अंगवळणी पडली. मग डोळ्यांनी पाहावे लागत नाही, मनाने आठवावे लागत नाही. हात आपला आपण चालतो. भाकरी थापणाऱ्या आईचा हात, निपाणीकडे विडी वळणाऱ्या बाईची बोटे, तबलजीचा पंजा, हे सगळे या वळणाचेच मानकरी.

इतिहासाच्या मास्तराने संगणकाच्या माऊसवर लिहायला घ्यावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेली काही वर्षे शाळेच्या संगणक खोलीत मुलांचे हात पाहताना मला सारखी मोडीची आठवण होते. माऊसचे उजवे बटण दाबून धरायचे, पडद्यावर कुठेही डावीकडे एक रेघ ओढायची आणि बटण सोडायचे. लगेच मागचे पान परत येते. मेन्यू शोधायला नको, बारीक बाणावर नेम धरायला नको. या प्रकाराला 'माऊस जेश्चर' म्हणतात. आपण त्याला माऊसची खूण म्हणू. ही खूण वाटते तितकी नवी नाही. हाताचा वेळ आणि श्रम वाचवण्याची जी धडपड माणूस शतकानुशतके करीत आला आहे, तिचेच हे अलीकडचे रूप आहे. आणि त्या धडपडीत आपल्या मराठी मुलखाने एकदा फार मोठी मजल मारली होती, नंतर ती कमाई हातची घालवली होती. ती कशी गेली, हे समजून घेणे आम्हा सीमाभागातल्या कुटुंबांना अगत्याचे आहे.

बाळबोध अक्षर लिहिताना काय होते ते पाहा. प्रत्येक अक्षराला हात दोनदा-तीनदा उचलावा लागतो, काना वेगळा, मात्रा वेगळी, आणि शेवटी वरची रेघ. मोडीने हा क्रमच उलटा केला. आधी कागदावर आडव्या रेघा मारून घ्यायच्या, मग त्या रेघेला टांगल्यासारखी अक्षरे एका लपेटीत लिहीत जायची. बोरूतली शाई संपेपर्यंत हात उचलण्याचे कारण नाही. एका अक्षराचा शेवट तीच पुढच्या अक्षराची सुरुवात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. परंपरा या लिपीचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याला देते. त्याचा काळ तेराव्या शतकाचा. मोडीचे यादवकालीन, बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे टप्पे अभ्यासक मानतात. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्यामुळे 'चिटणीसी वळण' प्रसिद्धीला आले. राज्याचा कारभार कागदावर चालू लागला, हुकूम, वसुली, जमाखर्च, पत्रव्यवहार वाढला, तेव्हा हाताचा वेग ही दरबाराची गरज झाली आणि मोडीने ती भागवली.

पेशवाईत आमच्या या कर्नाटक प्रांताचा कारभारही मोडीतच चालत असे. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या पेट्यांतून, घरी कोणतीही भाषा बोलली जात असो, मोडी कागद निघतात. कॅम्पाची वस्ती त्यामानाने अलीकडची. १८१८ साली मन्रोच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला, त्यानंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली. १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र इथे आहे. या छावणीच्या गल्ल्यांतून मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, इंग्रजी एकाच वेळी कानावर पडतात. तरी इथल्याही काही घरांत गावाकडून आलेली अशी एखादी पेटी असतेच. त्या पेटीतला कागद घेऊन पालक आमच्याकडे येतात आणि विचारतात, "सर, हे आमच्याच जमिनीचं आहे का हो?" पणजोबांनी ज्या वेगाने लिहिले, त्या वेगाची किंमत पणतू अशी मोजतो आहे.

वेगाची ही किंमत मोडीने तिच्या भरभराटीतही मोजायला लावली होती. लिहिणाऱ्याला सोपे ते वाचणाऱ्याला अवघड होते. दफ्तरात वाढलेला कारकून झरझर वाचे, पण ज्याच्या शेताबद्दल तो कागद असे त्या कुणब्याला त्यातले अक्षर लागत नसे. लेखणीच्या जोरावर शेतकऱ्याची नाडणूक कशी होते, हे महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात तळमळीने मांडले आहे. तो दोष एकट्या लिपीचा नव्हे, तिचे शिक्षण मूठभरांपुरते राहिले याचा आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण माऊसच्या खुणांच्या बाबतीत तो पुन्हा उभा राहणार आहे.

मग छापखाना आला. विल्यम कॅरे याने श्रीरामपूरला १८१० साली काढलेला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापलेला आहे. पण मोडीचा प्राण म्हणजे तिचा प्रवाह, आणि शिशाचा खिळा तर एकेक अक्षर सुटे मागतो. हाताचे श्रम वाचवणारी लिपी, जिथे हातच चालत नाही अशा यंत्रात शिरून काय साधणार? बाळबोध छापायला आणि वाचायला सोयीची, म्हणून पुस्तके बाळबोधीत निघू लागली. १९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारनेही कारभारात बाळबोधीला अग्रस्थान दिले. त्यानंतरही काही दशके शाळांतून मोडी शिकवली जात होती, हळूहळू तीही थांबली. पुढे टंकलेखन यंत्र आले आणि सरळ रेषेत वाहणारा हात कळा ठोकू लागला. दहा बोटांनी टंकन करणारा कारकून वेगवान खरा, पण त्या वेगाचा मार्ग निराळा होता. लिहिण्याची हालचाल आणि अक्षराचा आकार यांचे नाते तिथे तुटले.

हाताची हालचाल यंत्राकडे परत आली ती माऊसच्या रूपाने. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माऊस घडवला. लाकडाची डबी, खाली काटकोनात बसवलेली दोन चाके, वर एक बटण. मागे शेपटीसारखी तार लोंबे, म्हणून त्याला उंदराचे नाव पडले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत एंगेलबार्ट यांनी दीड तासाचे प्रात्यक्षिक करून दाखवले. त्यात त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची छोटी पट्टी होती. पेटीवर सूर धरावेत तशा दोन-तीन कळा एकदम दाबून ते आज्ञा देत. म्हणजे एंगेलबार्ट यांच्या डोक्यात पहिल्यापासूनच सरावलेला, तयार हात होता. ही पट्टी शिकायला वेळ लागे, म्हणून ती बाजारात टिकली नाही. माऊस मात्र राहिला आणि १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर तो सामान्य माणसाच्या टेबलावर आला.

टेबलावर आलेल्या माऊसबरोबर मेन्यू आले, बटणे आली. नवख्याला ही व्यवस्था उत्तम आहे. काय काय करता येते ते समोर लिहिलेले असते, वाचायचे आणि दाबायचे. पण रोज तेच काम शंभरदा करणाऱ्याला ती जाच वाटू लागते. याचे कारण पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच सांगून ठेवले होते. लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका हात तिथे पोचायला वेळ घेतो. गोट्या खेळणाऱ्या कोणत्याही पोराला हे ठाऊक असते. फिट्सने ते गणितात बसवले. पडद्याच्या कोपऱ्यातला नखाएवढा बाण हे लांबचे आणि लहान लक्ष्य झाले. दर वेळी डोळ्यांनी ते शोधा, हात तिथवर न्या, वेग कमी करा, नेम धरा, दाबा, आणि पुन्हा कामाच्या जागी परत या.

माऊसची खूण या सगळ्या यातायातीतून हाताची सुटका करते. खुणेला लक्ष्यच नसते. हात असेल तिथून ती सुरू होते आणि तिथेच संपते. महत्त्व असते ते फक्त दिशेला. बोरू न उचलता पुढचे अक्षर लिहिणारा चिटणीस आणि माऊस न हलवल्यासारखा हलवून मागचे पान आणणारा विद्यार्थी, दोघेही एकच गोष्ट साधतात. दोघेही रिकामा हेलपाटा टाळतात.

या कल्पनेची मुळेही जुनी आहेत. १९६३ साली इव्हान सदरलँड यांनी एम.आय.टी.त 'स्केचपॅड' नावाची प्रणाली प्रबंधासाठी तयार केली. तिच्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ काढता येई, आणि रेघ पुरी झाली हे सांगायला लेखणीला एक झटका द्यायचा असे. तो झटका म्हणजे खूणच होती. १९९१ साली डीन रुबाईन यांनी खूण ओळखण्याची एक रीत प्रसिद्ध केली. माणसाने एखादी खूण थोड्या वेळा काढून दाखवायची. संगणक तिची सुरुवातीची दिशा, लांबी, वळणे, वेग अशी तेरा लक्षणे मोजतो आणि पुढे तशी खूण दिसली की ओळखतो. पहिलीच्या बाई जसे वीस मुलांचे वीस तऱ्हांचे 'ग' ओळखतात, तसाच हा प्रकार आहे.

इंटरनेटची पाने पाहण्याच्या कामी या खुणा लोकप्रिय झाल्या त्या २००१ साली, नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरमुळे. उजवे बटण दाबून डावीकडे ओढले की मागे, उजवीकडे ओढले की पुढे, खाली ओढले की नवे पान, खाली जाऊन उजवीकडे वळले की पान बंद. इथे संगणक आकार वगैरे पाहत नाही. हाताची वाट तो चार दिशांच्या अक्षरांत लिहून काढतो आणि आपल्या यादीत तो शब्द आहे का ते पाहतो. चार दिशांची ही बाराखडी किती पुरते, हे आमच्या नववीच्या मुलांना मी उदाहरणादाखल घालतो. एका रेघेच्या खुणा ४. दुसरी रेघ पहिलीच्याच दिशेने असून चालत नाही, म्हणून दोन रेघांच्या ४ गुणिले ३, म्हणजे १२. तीन रेघांच्या ३६. सगळ्या मिळून ५२ खुणा झाल्या. मराठीची वर्णमाला जवळजवळ तेवढीच! पण मुले लगेच विचारतात, "सर, बावन्न लक्षात कोण ठेवणार?" प्रश्न रास्त आहे. रोजच्या वापरात चार-सहा खुणांच्या पलीकडे जाण्यात शहाणपण नाही. शिवाय दोन्ही हात कळफलकावर असतील तेव्हा कंट्रोलच्या जोडीची कळ दाबणेच जलद पडते. खूण उपयोगी ती उजवा हात माऊसवर असताना, वाचन आणि शोध चालू असताना.

आता अडचणीची बाजू पाहू. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्का देवीची मोठी यात्रा भरते. मराठी आणि कन्नड दोन्ही मुलखांतले भाविक तिला जातात आणि यात्रेत जनावरांचा बाजार असतो. अशा बाजारांत भाव ठरवण्याची जुनी रीत वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटे दाबतात, मान हलवतात आणि सौदा होतो. एकाला कन्नड येत नसेल, दुसऱ्याला मराठी येत नसेल, तरी बोटांना अडत नाही. भाषेवाचून चालणारा, झटपट होणारा असा व्यवहार दुसरा नाही. पण त्याच टॉवेलामुळे शेजारी उभ्या असलेल्या बैलाच्या मालकालाही आपल्या बैलाची काय किंमत झाली ते कळत नाही. खूण जाणत्याला जितकी जवळची, तितकी अजाणत्याला ती परकी.

माऊसच्या खुणेचेही तेच आहे. मेन्यू निदान वाचता येतो. खूण कुठेच लिहिलेली नसते. कुणीतरी दाखवली तरच ती समजते. मोबाईलने हा अनुभव घरोघर पोचवला. २०१७ च्या आयफोन टेनवरून गोल बटण गेले, २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये मागे जाण्याचे बटण काढून कडेवरून बोट सरकवण्याची सोय आली. कॅम्पातले माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार नवा फोन घेऊन आले आणि म्हणाले, "गुरुजी, आत शिरता येतंय, बाहेर पडायची वाट दिसत नाही." पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसाला माघारीची वाट न दिसणे ही साधी गोष्ट नव्हे! शेजारच्या सहावीतल्या मुलीने त्यांचे बोट धरून दोनदा कडेवरून सरकवले, आणि काम झाले. इथे शिक्षण झाले ते हाताकडून हाताला. मोडीही शतकानुशतके अशीच शिकवली गेली होती, आणि शिकवणारा हात थांबला तेव्हा ती संपली.

मग जलद वाट आणि सोपी वाट यांचा मेळ कसा घालावा? या प्रश्नाचे मला फार मोलाचे वाटलेले उत्तर कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात गॉर्डन कुर्टेनबाख आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९० नंतरच्या काळात दिले. त्यांनी गोल मेन्यू घेतला, म्हणजे मध्यभागी हात आणि भोवती चार किंवा आठ दिशांना आज्ञा लिहिलेल्या. नवखा माणूस बटण दाबून क्षणभर थांबला की मेन्यू उमटतो. तो वाचतो आणि हवी ती आज्ञा असेल त्या दिशेला हात नेतो. सरावलेला माणूस थांबतच नाही, तो थेट त्या दिशेला रेघ ओढतो आणि मेन्यू उमटण्याआधीच काम होऊन जाते. यातली खुबी अशी की दोघांच्या हाताची हालचाल एकच आहे. नवखा दर वेळी मेन्यूतून जाताना नकळत खूण गिरवीत असतो. पाटीवर गिरवता गिरवता अक्षर हातात बसावे तशी एके दिवशी ती खूण त्याच्या अंगवळणी पडते. संथ वाट आणि जलद वाट वेगळ्या नाहीतच. एकाच वाटेवर आधी चालायचे, मग धावायचे.

याची उलट साक्षही आहे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातले डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९९३ च्या सुमारास प्रत्येक रोमन अक्षराला एकाच रेघेचे चिन्ह देणारी लिपी मांडली. तिचे नाव युनिस्ट्रोक्स. ती जलद होती, पण तिची चिन्हे रोमन अक्षरांपासून दूर गेलेली, म्हणून नव्याने पाठ करावी लागत. १९९६ साली पाम कंपनीच्या खिशातल्या संगणकावर आलेली 'ग्राफिटी' ही लिपीही एका रेघेचीच, पण तिची बहुतेक चिन्हे शाळेत शिकलेल्या अक्षरांसारखी दिसत. लोकांनी ग्राफिटी उचलली. ओळखीच्या वळणापासून जी लिपी फार दूर गेली नाही, ती घरोघर पोचली.

या कसोटीवर मोडीकडे पाहिले की तिचे काय चुकले ते मला स्वच्छ दिसते. बाळबोध आणि मोडी या दोन वेगळ्या वाटा होत्या. बाळबोध कितीही वर्षे गिरवली तरी तिच्यातून मोडी आपोआप हातात येत नाही. बरीचशी अक्षरे निराळीच आहेत. म्हणून शाळेने मोडीचा तास बंद केला त्या दिवशी तिच्याकडे जाणारा रस्ता बंद झाला. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, ती आता संगणकावर लिहिता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण संगणकात जागा मिळणे निराळे आणि मुलांच्या हातात जागा मिळणे निराळे.

आता आमच्या सीमाभागाकडे वळतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरवला आणि १९९१ च्या भारतीय मानकात भारतीय लिप्यांची सामाईक संकेतावली आली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने हे तंत्र देशभर पोचवले. या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर. यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी की मराठीचा 'क' ज्या बोटाखाली, कन्नडचा 'क'ही त्याच बोटाखाली. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून दोन्ही कळफलक संगणकात आयतेच मिळतात. जो मुलगा एकदा मराठीत इन्स्क्रिप्ट शिकला, त्याच्या बोटांना कन्नड येऊन चुकले. शिकायचे राहते ते डोळ्यांनी वाचणे. टोरांटोच्या गोल मेन्यूत जे तत्त्व आहे तेच इथे दोन लिप्यांना लावलेले आहे. एकच हालचाल, दोन उपयोग.

प्रत्यक्षात काय झाले? कर्नाटक सरकारने कन्नडसाठी के. पी. राव यांनी रचलेला कळफलक प्रमाण मानला. तोही मोठ्या विचाराने केलेला आहे आणि कन्नडवर त्याचे उपकार आहेत. मराठीचे छपाईचे काम मात्र बहुतांशी जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर चालत राहिले. माझा एक माजी विद्यार्थी कॅम्पात लग्नपत्रिका आणि फलक छापण्याचा व्यवसाय करतो. एकाच पत्रिकेत दोन्ही भाषा असल्या की कन्नडचा 'त' तो एका कळेवर मारतो, मराठीचा 'त' दुसऱ्या कळेवर आणि इंग्रजीसाठी बोटे तिसऱ्याच मांडणीने चालवतो. तो हसून म्हणतो, "सर, मला तीन हात आहेत." त्याचे कौतुक करावे तितके थोडे. पण सगळ्याच मुलांनी तीन हात कुठून आणायचे? ती सोपी वाट धरतात आणि मराठीही रोमन अक्षरांत लिहून मोकळी होतात. कन्नड घरातली मुलेही तेच करतात. एका पिढीने हाताने मोडी सोडली. पुढची पिढी बाळबोध सोडण्याच्या बेतात आहे, आणि या वेळी कोणत्या सरकारने तसा हुकूमही काढलेला नाही.

आमच्या भागात पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून १९५६ पासून पुष्कळ झगडे झाले आहेत. त्या प्रश्नाचे गांभीर्य मी कमी लेखत नाही. पण पाटीवरचे अक्षर डोळ्यांसाठी असते. भाषा टिकते ती हातात आणि तोंडात. माऊसच्या खुणा शिकवताना मला एक गंमत दिसली. मेन्यू इंग्रजीत, त्यामुळे मराठी मुलगाही अडखळतो आणि कन्नड मुलगाही. खुणेत मात्र कोणी अडखळत नाही. एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो 'एड'. एक म्हणतो उजवीकडे, दुसरा म्हणतो 'बल'. हात दोघांचा एकाच बाजूला जातो. वर्गात शेजारी बसलेली ती मुले एकमेकांचा हात धरून शिकवतात तेव्हा भाषेचा प्रश्नच उद्भवत नाही.

मग पालकांनी काय करावे? मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये २०२३ पासून माऊसच्या खुणांची सोय दिलेली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी. विवाल्डी आणि ऑपेरा या ब्राउझरांतही ती आहे. पहिल्या आठवड्यात मागे आणि पुढे या दोनच खुणा घ्याव्यात, त्या डोळे न लावता जमू लागल्या की तिसरी. मुलांना जमले की त्यांनीच आजोबांना शिकवावे, मेन्यूची संथ वाट आधी दाखवून मग खुणेची. घरातल्या संगणकावर मराठी आणि कन्नड दोन्ही इन्स्क्रिप्ट कळफलक बसवावेत आणि रोज पाच ओळी, निदान किराणा मालाची यादी तरी, त्यावर लिहावी. महिन्याभरात बोटे कळा शोधणे सोडतात, असा माझा मुलांच्या बाबतीतला अनुभव आहे.

आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ती पेटी खाली येईलच. तिच्यातला मोडी कागद पुन्हा फडक्यात गुंडाळून वर टाकण्याआधी मुलांसमोर एकदा उलगडा. वाचता येणार नाही, पण बोट त्या ओळीवरून फिरवता येईल. रेघ कुठे सुरू झाली, हात कुठे वळला, बोरूची शाई कुठे संपली आणि लिहिणाऱ्याने तो पुन्हा कुठे बुडवला, हे त्या कागदावर आजही स्पष्ट दिसते.